चिंतनाचा रकाना

उझ्माचं चिंतन वाचून झालं तेव्हा विजयश्रीला आधी चांगलंच वाटलं होतं. पुढे सगळं होऊन गेल्यावर हीच गोष्ट आठवणं तिला सगळ्यात जड गेलं. मधली सुट्टी होती. रहाटणीच्या त्या शाळेची स्टाफरूम दुसऱ्या मजल्यावर होती. खालच्या रस्त्यावर पाण्याचा टँकर मागे घेताना टीं टीं वाजत होता, कुणाच्या तरी डब्यातली मेथी सगळ्या खोलीभर झाली होती, आणि ती कोपऱ्यातल्या संगणकावर नववीच्या पोरांचे पोर्टफोलिओ तपासत बसली होती. यंदापासून मराठीचे अंतर्गत गुण त्यावरच द्यायचे होते. प्रत्येकानं आपलं पहिलं लेखन टाकायचं, मग सुधारलेलं टाकायचं, जमलं तर फोटो किंवा आवाज जोडायचा, आणि शेवटी ‘चिंतन’ असा एक रकाना होता, त्यात मी काय शिकलो, कुठे अडलो, हे आपल्या शब्दांत लिहायचं. आपल्या शब्दांत! सकाळपासून तिनं जेवढी चिंतनं वाचली तेवढ्यांत सगळ्यांनाच ‘खूप काही शिकायला मिळाले’ होते. प्रज्वलला तर ‘बहुमोल मार्गदर्शन’ही लाभलं होतं. ती वाचत होती, निकषांवर टिचक्या मारत होती, पुढे जात होती. डोळ्यांना आता अक्षरं दिसत नव्हती, नुसती त्यांची उंची दिसत होती. आणि मग उझ्माचं पान उघडलं.

‘‘आमची गल्ली’ हा निबंध मी दोनदा लिहिला,’ असं तिथे होतं. ‘पहिल्यांदा लिहिलं की आमच्या गल्लीत सगळे गुण्यागोविंदाने राहतात. हे वाक्य मी पाचवीपासून लिहायलेय. मग मी गॅलरीत उभी राहिले आणि बघितलं. पाणी आलं होतं. सगळे भांडायले होते. शेजारच्या काकूंनी आमची कळशी ढकलली पूर्णविराम मग स्वतःची भरून झाल्यावर आमचीपण भरली, पण तोंड वाकडं करून. ह्याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही. गुण्यागोविंदानं म्हणता येत नाही आणि वैर पण म्हणता येत नाही. म्हणून दुसऱ्यांदा मी नुसतं काय झालं ते लिहिलं. शब्द आधीच तयार असले की बघावं लागत नाही.’

टँकर थांबला होता. विजयश्रीनं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. कुणीतरी अंधाऱ्या खोलीत येऊन पडदा बाजूला करावा तसं झालं तिला. छातीत काहीतरी हललं, आणि पाठोपाठ, जणू त्या हलण्याचाच आवाज असावा तसा, प्रश्न आला. हे लिहून दिलं कुणी?

हा प्रश्न आला की तिला एक प्रकारचं बरं वाटायचं. दाराला कडी लागल्यासारखं. नवऱ्याची चाकणहून येणारी कंपनीची बस उशिरा आली की तो ओव्हरटाइम म्हणायचा, आणि ती मान हलवायची, आणि मान हलवता हलवता त्याच्या बुटांकडे बघायची. बुटांत काही दिसायचं नाही. कधीच काही दिसलं नव्हतं. भाजीवाली ‘ताजी आहे ताई’ म्हणाली की ती देठ मोडून बघायची, आणि देठ कट्‌कन मोडला तरी, कालचं पाणी मारलेलं असेल, असं मनाशी म्हणायची. याला ती स्वभाव म्हणत नव्हती. मास्तरकीत एवढी वर्षं काढल्यावर माणसाला वास यायला लागतो, असं ती म्हणायची. आणि इथे तर वास येतच होता. तो मधेच पडलेला ‘पूर्णविराम’ शब्द! कुणीही लिहिताना पूर्णविराम असा शब्द लिहीत नाही, टिंब देतो. याचा अर्थ कुणीतरी सांगत होतं आणि ही मुलगी ऐकून उतरवत होती. सांगणारा पूर्णविराम म्हणाला, हिनं तोही उतरवला. विजयश्रीला आपल्या तर्काचं कौतुक वाटलं. मग ‘लिहायलेय’, ‘भांडायले होते’. उझ्माचं कुटुंब उदगीरकडचं, तिकडची बोली ती. पण इतकी सुरेख जागा साधून? लिहून देणारा हुशार असला पाहिजे. दोन-चार खडे मुद्दाम भातात ठेवले म्हणजे भात घरचाच वाटतो.

तिनं मागची पानं उघडली. आधीची तीन-चार चिंतनंही तशीच होती. एकात ‘मला उपमा देता येत नाही, कारण एक गोष्ट दुसरीसारखी आहे असं म्हटलं की दोन्ही खोट्या वाटतात’, असं काहीतरी होतं. ती पानं आपण तेव्हा घाईत तपासून पुढे गेलो होतो, याचा तिला रागही आला आणि सुटल्यासारखंही वाटलं. शेजारी संगणकाच्या रुपाली मॅडम डबा खात होत्या. हा पोर्टफोलिओचा सगळा संसार त्यांनीच मांडून दिला होता, सगळ्यांना पासवर्ड त्यांनीच काढून दिले होते. विजयश्रीनं पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी घास चावत चावत वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘भारी लिहिलंय की.’’

‘‘तिनं लिहिलंय असं वाटतं तुम्हाला?’’

‘‘अहो मॅडम, हल्ली कोण काय लिहितं! मशीनला सांगितलं की मशीन लिहून देतं.’’

‘‘मशीन असं नाही लिहीत,’’ विजयश्री म्हणाली, आणि ते वाक्य आपण जरा रागानं बोललो हे तिच्या लक्षात आलं. ‘‘मशीनचं मला कळतं. ते प्रज्वलचं बघा, ते मशीनचं आहे, नाहीतर त्याच्या आईचं. हे माणसाचं आहे. पण या मुलीचं नाही.’’

‘‘मग प्रज्वलला काय दिलंत?’’

‘‘निकषात बसतंय ना त्याचं. दिले.’’

रुपाली मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. ‘‘मग हिचं बसत नाही का?’’ असं त्यांनी सहज विचारलं आणि घंटा झाली म्हणून उत्तराला न थांबता त्या निघून गेल्या.

दोन तास शिकवताना तो प्रश्न विजयश्रीच्या पदरासारखा कशाकशात अडकत राहिला. प्रज्वलच्या बाबतीत वास का येत नाही आपल्याला? येतो, पण त्याचं काही वाटत नाही. त्याची आई शिकलेली, ती लिहून देणारच. उझ्माच्या घरी लिहून देणारं कोण असणार? बाप अकबर काळेवाडीच्या बाजूला गाड्यांचं गॅरेज चालवतो, आई झुलेखा शाळेच्या कागदावर सही करायची तर थांबून थांबून करते. त्या घरात हे मराठी येईल कुठून? आणि इथवर आल्यावर तिचं मन जरासं चाचरलं, कारण ‘त्या घरात’ म्हणताना आपण गॅरेज म्हणत होतो की आणखी काही, हे तिला नीट सांगता आलं नाही. छे. तसलं काही तिच्या मनात नव्हतं. नाव कुठलंही असतं तरी तिनं हेच केलं असतं. तिनं वर्गावरून नजर फिरवली आणि एकेका पोराच्या नावावर ते चिंतन ठेवून पाहिलं. काही नावांवर ते आपोआप बसलं. ती फळ्याकडे वळली.

घरी चिंचवडला जाताना स्कूटरवर तिला वडील आठवले. ते अधूनमधून आठवायचेच, पण त्या दिवशी त्यांचे हात आठवले. दौलतराव पिंपरीच्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत होते. शाळेत असताना ती त्यांचा डबा घेऊन जायची, आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला पोचली की तिला भिंतीशी उभं राहावं लागायचं. भोंगा व्हायचा. माणसांची रांग यायची. वडील प्रत्येकाच्या काखेतून, कमरेवरून, पोटऱ्यांवरून हात फिरवायचे, डबा उघडायला लावायचे, आणि तोंडानं ‘चला, चला’ म्हणत राहायचे. इतके हलके हात की घरी कधी तिच्या केसांवरून ते तसे फिरले नव्हते. त्या रांगेत बुद्धरत्न नावाचा एक कामगार असायचा. तो वडिलांशी हसून बोलायचा, तिलाही ‘काय म्हणती शाळा’ विचारायचा. वडील त्याचाच डबा सगळ्यात नीट बघायचे, तळाला बोट लावून. तिनं एकदा विचारलं होतं, ‘‘अण्णा, ते तर चांगले आहेत ना?’’ आणि वडील म्हणाले होते, ‘‘जो रोज साफ निघतो त्याच्यावर जास्त लक्ष ठेवायचं.’’ ते वाक्य तिला त्या वयात फार शहाणपणाचं वाटलं होतं. मग एका पावसाळ्यानंतर बुद्धरत्न यायचा तो लांबूनच डब्याचं झाकण काढून यायचा. एका हातात डबा, एका हातात झाकण, आणि तोंडावर काही नाही. वडिलांना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. उलट आता वेळ वाचतो, असं ते म्हणाले होते. सिग्नल सुटला, मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. आपण हे का आठवत होतो, ते तिला पुढच्या वळणापर्यंत आठवेना.

रात्रीचं जेवण होईपर्यंत त्या लिहून देणाऱ्या माणसाला तिच्या मनात चेहरा फुटला होता. तो गॅरेजच्या बाहेरच्या बाकावर बसत असणार. पंचेचाळिशीचा, कुठल्यातरी वर्तमानपत्रातून सुटलेला, गाडी दुरुस्तीला टाकायची आणि तासभर चहा पीत बसायचं, असला. उझ्मा वही घेऊन येते, तो म्हणतो, हं, लिही. शब्द आधीच तयार असले की बघावं लागत नाही, पूर्णविराम. विजयश्रीनं स्वतः एके काळी कॉलेजच्या अंकात दोन गोष्टी लिहिल्या होत्या. कुणीतरी असं समोर बसून सांगणारं तिला तेव्हा हवं होतं. ती त्या माणसाशी मनातल्या मनात वाद घालू लागली. पोरीचं नुकसान करताय तुम्ही. आणि तो बाकावरून हसून म्हणायचा, मॅडम, तुम्ही स्वतः महिन्याचं आत्मचिंतन कसं भरता? ती विषय बदलायची. कारण शिक्षकांनाही तो रकाना होता, आणि ती दर महिन्याला मागच्या महिन्याचाच मजकूर चिकटवून फक्त महिन्याचं नाव बदलायची. अध्यापनात तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर केला. विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला. कुणी कधी विचारलं नव्हतं, हे तुम्हीच लिहिलंत का?

दोन दिवसांनी तिनं उझ्माला शेवटच्या तासाला ग्रंथालयात बोलावलं. उझ्मा बारकी, उंच मुलगी होती, वर्गात मागून दुसऱ्या बाकावर बसणारी. बोलायला लागली की भराभर बोलायची आणि मग आपणच बोलतोय हे कळून थांबायची. विजयश्रीनं तिच्यासमोर कोरा कागद ठेवला. ‘‘तुझं चिंतन मला आवडलं,’’ ती म्हणाली. ‘‘तसंच एक आत्ता लिही. आपल्या वर्गाबद्दल. मी बसते इथे.’’

‘‘आत्ता? कागदावर?’’

‘‘का? कागदावर येत नाही?’’

उझ्मानं पेन घेतलं. तिनं एक ओळ लिहिली, खोडली. मान वर करून ओठ हलवले, विजयश्री बघतेय हे पाहून ओठ मिटले. पुन्हा लिहिलं. कपाटांवरचा पंखा वळून वळून त्या कागदाचा कोपरा उचलत होता आणि ती तो कोपरा करंगळीनं दाबत होती. तास संपला तेव्हा कागदावर होतं: आमचा वर्ग मोठा आहे. वर्गात फळा आहे. वर्गात मुले व मुली बसतात. आम्हाला आमचा वर्ग फार आवडतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निराळ्याच. विजयश्रीनं कागद हातात घेतला. तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं आणि तसं वाटलंही, पण त्याच्या खाली, उन्हात तापलेल्या फरशीखाली गार माती असावी तसं, दुसरं काहीतरी होतं. त्याच्याकडे तिनं लक्ष दिलं नाही.

‘‘उझ्मा, ते दुसरं कोण लिहून देतं तुला?’’

‘‘मीच लिहिते मॅडम.’’

‘‘मग हे?’’

उझ्मानं कागदाकडे पाहिलं. ‘‘हे पण मीच लिहिलंय,’’ ती म्हणाली. ‘‘पण ते ना मॅडम, मी असं बसून नाही... मी गच्चीवर जाते आणि...’’

‘‘आणि?’’

विजयश्रीच्या त्या ‘आणि’त काय होतं देव जाणे. मुलीनं तोंड मिटलं ते मिटलं. गच्चीवर! विजयश्रीच्या मनातला माणूस बाकावरून उठला आणि गच्चीवर गेला, आणि आता त्याचं वयही कमी झालं, आणि प्रकरण नुसतं मराठीचं राहिलं नाही. मुलीच्या भल्यासाठी तरी घरच्यांना बोलवायला हवं, असं तिनं ठरवलं, आणि ठरवल्यावर तिला खूप दिवसांनी शांत वाटलं.

अकबर दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. गॅरेजचे कपडे बदलून, केसांना पाणी लावून, खुर्चीच्या कडेला बसला. नखांच्या कडांमधलं काळं मात्र तसंच होतं आणि तो हात मांडीखाली घालत होता. उझ्मा त्याच्या शेजारी उभी होती. विजयश्रीनं शब्द जपून वापरले. नक्कल म्हणाली नाही, ‘बाहेरची मदत’ म्हणाली. गच्चीचाही उल्लेख केला, नुसता, त्यावर काही न बोलता. तिला वाटलं होतं तो भांडेल. भांडायला आलेल्या बापांशी कसं बोलायचं ते तिला माहीत होतं. अकबरनं एवढंही विचारलं नाही, की काय लिहिलंय ते वाचून तरी दाखवा.

‘‘चुकलं असंल मॅडम पोरीचं,’’ तो म्हणाला. ‘‘लेकरू हाय. शाळेतून काडू नका.’’

‘‘काढायचा प्रश्नच नाही. फक्त खरं काय ते—’’

तो उझ्माकडे वळला. ‘‘किसने लिख को दिया? बोल मॅडम को.’’

‘‘मैंने लिखी अब्बा.’’

‘‘छत पो किसके संगात बात करती तू?’’

उझ्मानं बापाकडे पाहिलं, मग विजयश्रीकडे. ते पाहणं विजयश्रीला समजलं नाही असं नव्हतं. आपल्या घरात कधी न आलेला प्रश्न आज कुणाच्या हातानं आत आला, हे ती मुलगी बघत होती. ‘‘किसके बी नई,’’ ती म्हणाली. अकबरनं हात पुढे केला. तिनं दप्तराच्या आतल्या कप्प्यातून मोबाईल काढून त्याच्या हातावर ठेवला. काच तडकलेला, मागून रबर लावलेला. शाळेनंच तो पोर्टफोलिओसाठी आणू दिला होता. ‘‘आजपासून बंद,’’ तो मराठीत म्हणाला, विजयश्रीला ऐकू जावं म्हणून. ‘‘आता काय चिंता करू नका मॅडम.’’ आणि जाताना त्यानं तिला दोनदा नमस्कार केला.

पुढच्या आठवड्यात उझ्माच्या पानावर काही आलं नाही. विजयश्री रोज उघडून बघायची. आधी पुराव्यासाठी, मग सवयीनं, मग एके दिवशी तिला कळलं की आपण वाट बघतोय. बाकीची पोरं ‘आनंददायी अनुभव’ घेत होती, ती टिचक्या मारत होती. तो बाकावरचा माणूसही गप्प झाला होता. तिला तो हवा होता. तो सापडला असता, एकदा दिसला असता, तर सगळं जागच्या जागी बसलं असतं. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर तिनं स्कूटर काळेवाडीकडे घातली. ब्रेक जरा ढिले वाटत होते, असं तिनं स्वतःला सांगितलं.

गॅरेज म्हणजे एक शटर, आत दोन गाड्या पोट उघडून उभ्या, आणि बाजूनं वर, त्यांच्या घराकडे जाणारा अरुंद लोखंडी जिना. अकबर स्पेअर पार्ट आणायला गेला होता. बाहेर बाक नव्हता. बसायला काहीच नव्हतं, टायर सोडले तर. विजयश्री त्या टायरांकडे उगाच बघत राहिली. मग वरून आवाज आला. उझ्माचा होता, वर्गात कधी ऐकला नव्हता असा, मोकळा, एका लयीत चाललेला. ‘‘त्या बाईनं चादर वाळत घातली आणि पुन्हा काढली पूर्णविराम तिला वाटलं ढग आलेत, पण तो समोरच्या बिल्डिंगचा धूर होता पूर्णविराम’’ आणि पाठोपाठ एका बाईचं हसणं, ‘‘फिर बोली! फिर बोली पूर्णविराम!’’

विजयश्री जिना चढली. चढताना तिचं अंग इतकं हलकं झालं होतं, की आता काय दिसणार ते तिच्या पायांना आधीच कळलं असावं. वर गच्चीच्या एका तुकड्यावर दोरीला कपडे लावलेले होते. झुलेखा बादलीशी बसली होती आणि उझ्मा ओला दुपट्टा पिळत उभी होती. आणखी कुणी नव्हतं. उझ्माचा आवाज नळ बंद व्हावा तसा बंद झाला. झुलेखा लगबगीनं उठली, हात पुसले, स्टूल आणलं. ‘‘या मॅडम, बसा की. हसायलो आमी हिला. मोबाईलमदी बोलून बोलून तशी सवयच लागली बगा.’’

‘‘मोबाईलमध्ये?’’

‘‘ते बोललं की लिवतंय न्हव का आपोआप. हिला लिवायला बसलं की सुचत न्हाई, हात थांबतो, अन् खाली ठोकाठोकी. मग हितं येऊन फिरायची अन् बोलायची. मशीनला टिंब सांगावं लागतं म्हणं, तर ही बोलायची पूर्णविराम. कदी ते टिंब देतंय, कदी पूर्णविरामच लिवून ठेवतंय, येडं.’’ झुलेखा पुन्हा हसली. आपण काय सांगून बसलो याची तिला कल्पना नव्हती. अकबरनं घरी बहुधा एवढंच सांगितलं असणार, की मोबाईलचा नाद वाढलाय, मॅडमनी बंद करायला सांगितलंय.

दोरीवरचे कपडे टपटपत होते. विजयश्रीला वाटलं, आता आपण काहीतरी म्हणू, आणि ती वाट बघत राहिली की आपण काय म्हणतो. जो माणूस तिनं इतके दिवस बाकावर बसवला होता, ज्याच्याशी भांडली, ज्याचा हेवा केला, तो समोर दुपट्टा पिळत होता. उझ्मा पाठमोरी झाली होती. ‘‘मला हे माहीत नव्हतं,’’ शेवटी विजयश्री म्हणाली, ‘‘तू सांगायचंस ना.’’ म्हणता म्हणताच तिला ग्रंथालयातला तो ‘आणि’ ऐकू आला. मग ती झुलेखाला म्हणाली, ‘‘तिला फोन परत द्या. माझी चूक झाली. मी सांगते तिच्या वडिलांना.’’

‘‘ते तर परवाच देऊ लागलेले मॅडम. त्यांचा राग काय, धुरावाणी. हीच नको म्हणती.’’

‘‘का गं उझ्मा?’’

‘‘असंच,’’ उझ्मा म्हणाली. ‘‘लिहायची प्रॅक्टिस करायलेय.’’ आणि जरा थांबून, नीट उच्चार करून, ‘‘करत आहे.’’

सोमवारी विजयश्रीनं तिला व्हरांड्यात गाठलं. तू पूर्वीसारखं बोलून लिही, मी मुख्याध्यापिकांशी बोललेय, त्यात गैर काही नाही, उलट फार चांगलं आहे ते, असं सगळं ती एका दमात म्हणाली. उझ्मा मान खाली घालून ऐकत होती. शिकवणीच्या दाराशी वाट बघत थांबलेल्या पोरासारखी नम्र. ‘‘हो मॅडम,’’ ती म्हणाली. सगळ्याला ‘हो मॅडम’. त्या ‘हो’त विजयश्रीनं राग शोधला, राग असता तर धरायला काहीतरी होतं. घरी नवरा म्हणाला, ‘‘अगं विसरेल पोरगी, पोरं विसरतात.’’ तो खरं बोलतोय का, हे बघायला तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तो खरंच बोलत होता. त्याला तसंच वाटत होतं. तिला स्वतःचाच कंटाळा आला. तिनं त्या महिन्याचं आपलं आत्मचिंतन उघडलं, मागचा मजकूर पुसला आणि लिहायला घेतलं: मी एका विद्यार्थिनीवर. पुढे क्रियापद येईना. ‘संशय घेतला’ एवढं थोडं होतं, आणि ‘अन्याय केला’ हे शब्द तयार मिळालेले, हातात घेतले की गुळगुळीत. शेवटी तिनं ती ओळ पुसली. रकाना रिकामा ठेवला तर यंत्र पुढे जाऊ देत नव्हतं, म्हणून मागच्या महिन्याचा मजकूर परत चिकटवला.

सत्र संपताना पोर्टफोलिओ शेवटचे सादर करायचे होते. मुलांनी शाळेतच, संगणक कक्षात बसून चिंतन टाइप करायचं, आणि मग एकेकानं शिक्षकांपुढे येऊन आपलं पान दाखवायचं, असं ठरलं होतं. उझ्मा कोपऱ्यातल्या संगणकावर बसली होती. शेजारी तिनं कागद ठेवला होता, आधी हातानं लिहून आणलेला, रेघ मारून समास सोडलेला, आणि त्यात बघून ती एकेक कळ दाबत होती. विजयश्री दुरून बघत होती. मुलीचे ओठ हलत नव्हते.

तिचा नंबर आला. विजयश्रीनं पान उघडलं. ‘या उपक्रमातून मला निरीक्षणाचे व सहकार्याचे महत्त्व समजले. माझ्या लेखनात लक्षणीय सुधारणा झाली. मला मार्गदर्शन करणाऱ्या मराठीच्या मॅडम यांची मी ऋणी आहे.’ एकही चूक नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, प्रत्येक वाक्याच्या शेवटी टिंब. बाजूला निकष होते आणि मजकूर त्या सगळ्यांत बसत होता. आत्ताच प्रज्वलला तिनं ‘प्रगत’ ही सगळ्यात वरची श्रेणी दिली होती. हिला त्याहून कमी द्यायला काही कारण नव्हतं.

‘‘उझ्मा,’’ ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘हे...’’ आणि थांबली. तो प्रश्न आता तिला या जन्मात त्या मुलीला विचारायचा नव्हता.

पण उझ्माला तो ऐकू आला होता. ‘‘मीच लिहिलंय मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘इथेच बसून. सगळ्यांनी बघितलंय.’’

‘‘हो गं. मला माहितेय.’’

विजयश्रीनं ‘प्रगत’वर बोट नेलं. पडद्यावरचं चक्र क्षणभर फिरत राहिलं. पुढचा मुलगा मागे येऊन उभा राहिला होता, तरी उझ्मा टेबलापासून हलली नाही. दोन्ही हात मागे बांधून, सरळ, भिंतीवरच्या फळ्याकडे बघत ती थांबली होती.

‘‘झालं उझ्मा. जा तू.’’

‘‘तोंडी विचारणार नाही का मॅडम?’’ ती म्हणाली. ‘‘विचारा ना. माझं पाठ आहे.’’